प्रश्न बदलण्याचें धैर्य

नवी कल्पना मनुष्यास कशी सुचते याविषयीं आपल्या समाजांत दोन समजुती रूढ आहेत. एक अशी कीं, कल्पना ही विजेसारखी असते. ती ज्याच्यावर पडावयाची त्याच्यावर पडते, तिच्यासाठीं कोणाला कांहीं करतां येत नाहीं, आणि ज्याच्यावर ती पडत नाहीं त्यानें आपल्या जन्मपत्रिकेस दोष देऊन स्वस्थ बसावें. दुसरी समजूत अलीकडची असून पहिलीच्या अगदीं उलट आहे. विचार करण्याची एक ठराविक रीत असते, ती पांच-दहा पायऱ्यांत शिकविली कीं कोणीही मनुष्य कोणताही प्रश्न सोडवूं शकतो, असें ही दुसरी समजूत सांगते. पहिली आळशी मनुष्यास सोयीची आहे, दुसरी उतावळ्यास. तीस वर्षें महाविद्यालयांत तर्कशास्त्र व मानसशास्त्र शिकवीत असतां या दोन्ही पंथांचे विद्यार्थी माझ्यापुढें बसले. परंतु केवळ व्याख्यानाच्या जोरावर त्यांतील कोणाचें मतपरिवर्तन करणें मला क्वचित्‌च साधलें. अशा वेळीं शास्त्रापेक्षां इतिहास अधिक उपयोगी पडतो. एखादी कल्पना ज्या मनांत, ज्या गांवांत आणि ज्या वर्षांत जन्मली, तें मन, तें गांव आणि तें वर्ष डोळ्यांपुढें ठेवलें, म्हणजे सिद्धान्त कोठें खरा ठरतो व कोठें लंगडतो हें आपोआप दिसूं लागतें.

मी ज्या भागांत राहतों त्याला आज कर्वेनगर म्हणतात. मुठेच्या उत्तर तीरावरील हें एके काळचें हिंगणे बुद्रुक. आज येथें माळ शोधूं गेल्यास सांपडत नाहीं. परंतु महर्षि कर्वे यांनीं स्थापन केलेल्या स्त्री-शिक्षण संस्थेच्या आवारांत एक लहानशी झोंपडी अजून जतन केलेली आहे. तिच्याकडे पाहतांना बहुतेकांना त्याग, तपश्चर्या, करुणा हेच शब्द आठवतात, आणि ते अयोग्य आहेत असें नाहीं. तथापि माझ्या मतें ती झोंपडी हें आणखी एका गोष्टीचें स्मारक आहे. एक अवघड प्रश्न एका गणिताच्या प्राध्यापकानें कसा सोडविला, किंबहुना सोडविण्यापूर्वीं तो कसा पुन्हां मांडला, याची ती खूण आहे. अण्णासाहेबांच्या अंतःकरणाविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. त्यांच्या विचारपद्धतीविषयीं त्या मानानें थोडें. तें न्यून अंशतः भरून काढावें व त्याच निमित्तानें नवकल्पनेच्या उगमाची चर्चा करावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम शास्त्र काय म्हणतें तें पाहूं. आपल्या अलंकारशास्त्र्यांनीं हा प्रश्न काव्याच्या अनुषंगानें हाताळला. मम्मटानें काव्याचें कारण म्हणून शक्ति, निपुणता आणि अभ्यास या तिहींचा एकत्र निर्देश केला. तिहींपैकीं एकावर भिस्त ठेवली नाहीं. त्याच्या आधीं, दहाव्या शतकाच्या आरंभीं, राजशेखरानें ‘काव्यमीमांसा’ ग्रंथांत तर कवीची दिनचर्याच आंखून दिली आहे. या राजशेखराचें घराणें महाराष्ट्राशीं संबद्ध होतें, हें आपणांस विशेष जवळचें वाटावें. दिवसाच्या पहिल्या प्रहरीं विद्यांचें परिशीलन, दुसऱ्या प्रहरीं रचना, भोजनोत्तर रसिकांशीं गोष्टी, आणि चौथ्या प्रहरीं सकाळीं रचलेल्या काव्याची परीक्षा, असा तो क्रम आहे. ही परीक्षा वेगळ्या प्रहरीं कां? तर रचनेच्या आवेशांत विवेकाची दृष्टि मंदावते म्हणून. म्हणजे निर्माण करणारें मन आणि तपासणारें मन एकाच घटकेस एकत्र नांदत नाहींत, हें त्या पंडितास हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं उमगलें होतें. आणि प्रतिभेची स्तुति करून तो थांबला नाहीं, तिच्यासाठीं त्यानें वेळापत्रक तयार केलें.

पश्चिमेकडे या विषयाचा पद्धतशीर विचार बराच उशिरां सुरू झाला. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यानें १८९१ सालीं आपल्या सत्तराव्या वाढदिवसाच्या समारंभांत सांगितलें कीं, प्रश्नाचा सर्व बाजूंनीं कंटाळा येईपर्यंत विचार केल्यावर आणि मग पुरती विश्रांति घेतल्यावरच त्याला चांगल्या कल्पना सुचत, आणि त्या लिहिण्याच्या मेजापाशीं न सुचतां उन्हाच्या दिवशीं झाडी असलेली टेकडी सावकाश चढतांना सुचत. फ्रेंच गणिती प्वाँकारे याचा अनुभव याहूनही प्रसिद्ध आहे. एका विशिष्ट प्रकारचीं फलनें असूंच शकत नाहींत, हें सिद्ध करण्यासाठीं तो पंधरा दिवस धडपडत होता. एका रात्रीं कॉफी प्याल्यामुळें त्याला झोंप लागेना. मनांत कल्पनांची गर्दी होऊन त्या एकमेकींवर आदळूं लागल्या, आणि सकाळपर्यंत तशा फलनांचा एक वर्ग अस्तित्वांत आहे असें त्याला दिसून आलें. पुढें तो भूगर्भशास्त्राच्या एका सहलीस गेला. गणित डोक्यांतून पार निघून गेलें होतें. कुटाँस गांवीं बसगाडीच्या पायरीवर पाऊल ठेवतांच, या फलनांची रूपांतरें आणि युक्लिडेतर भूमितीचीं रूपांतरें एकच आहेत, हें सत्य त्याला अकस्मात् प्रतीत झालें. पडताळा त्यानें परत आल्यावर सवडीनें पाहिला.

हे व अशा प्रकारचे अनुभव एकत्र करून ग्रॅहॅम वॉलस या इंग्रज लेखकानें १९२६ सालीं विचाराच्या चार अवस्था सांगितल्या. आपल्या भाषेंत त्यांना तयारी, मुरवण, उजेड आणि पडताळा म्हणतां येईल. लोणचें घालणाऱ्या गृहिणीस यांतील दुसरी अवस्था समजावून सांगावी लागणार नाहीं. फोडी चिरल्या, मीठ-मसाला लावला, बरणीचें तोंड बांधलें, कीं नंतर घडणारी क्रिया हातांच्या स्वाधीन नसते. मात्र फोडीच चिरल्या नाहींत तर मुरावयाचें काय? अलीकडच्या प्रयोगांनींही हेंच दाखविलें आहे. २००९ सालीं शंभराहून अधिक प्रयोगांचा एकत्र आढावा घेण्यांत आला, तेव्हां प्रश्न मध्येंच बाजूस ठेवल्यानें तो सुटण्यास मदत होते असें आढळलें. आणि आधींची तयारी जितकी दीर्घ तितका हा लाभ अधिक, असेंही दिसून आलें. १९२६ सालची ही चौकट शंभर वर्षें टिकून आहे, ती यामुळेंच.

तथापि या चौकटींत एक मोठी उणीव आहे. चारही अवस्थांत प्रश्न कोणता आहे हें आरंभापासून ठाऊकच आहे असें गृहीत धरलें जातें. परीक्षेच्या कागदावर प्रश्न छापलेला असतो. आयुष्याच्या कागदावर तो तसा नसतो, किंवा असला तर अनेकदां चुकीचा छापलेला असतो. ही उणीव जर्मन मानसशास्त्रज्ञांच्या एका संप्रदायानें भरून काढली. त्यांपैकीं डुंकर यानें एक साधा प्रयोग केला. दारावर मेणबत्ती उभी करावयाची. मेजावर मेणबत्त्या, आगकाड्या, खिळे आणि लहान खोकीं ठेवलेलीं आहेत. खोक्यांत खिळे भरून ठेवले तर पुष्कळ जणांना उत्तर सांपडत नाहीं. तींच खोकीं रिकामीं ठेवलीं तर सुचतें कीं, खोकें दारावर ठोकून त्याची फळी करावी आणि तिच्यावर मेणबत्ती ठेवावी. अडचण बुद्धीच्या कमतरतेची नव्हती. ज्या वस्तूकडे आपण ‘कांहीं ठेवण्याचें पात्र’ म्हणून पाहतों, ती वस्तु कशाचा तरी आधारही होऊं शकते, हें सुचण्यास आधीं तिच्याकडे पाहण्याची दृष्टि सुटावी लागते. जुनी दृष्टि सुटणें हेंच निम्म्याहून अधिक उत्तर होय.

आतां हिंगण्याच्या प्रश्नाकडे वळूं. विधवांच्या दुःस्थितीचा प्रश्न कर्व्यांनीं शोधून काढला नव्हता. तो त्यांना पूर्वसूरींकडून तयार मिळाला होता, आणि उत्तरासह मिळाला होता. पुनर्विवाह हें तें उत्तर. १८५६ सालीं कायद्यानें विधवाविवाहास मान्यता दिली. विष्णुशास्त्री पंडित यांनीं चळवळ उभी केली, १८६९ सालीं मुंबईंत एक गाजलेला पुनर्विवाह झाला; परंतु दुसऱ्याच वर्षीं पुण्यांत शंकराचार्यांच्या समक्ष झालेल्या वादांत निर्णय विरुद्ध गेला. त्याच्याही पूर्वीं, १८६३ सालीं, जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं आपल्या घरीं बालहत्या प्रतिबंधक गृह काढून प्रश्नाला अगदीं निराळ्या टोंकानें हात घातला होता. त्यांचा प्रश्न ‘या बाईचें लग्न कसें होईल’ असा नव्हता, ‘ही बाई व हें मूल आज रात्रीं जगेल कसें’ असा होता. पण उच्चवर्णीय सुधारकांच्या मंडळींत विधवेचा प्रश्न म्हणजे पुनर्विवाहाचा प्रश्न, हें समीकरण पक्कें होऊन बसलें होतें. कायदा होऊन तीन तपें लोटलीं तरी असे विवाह बोटांवर मोजण्याइतकेच होत होते. आणि तरीही उत्तर चुकलें असावें असें न वाटतां, प्रयत्न अपुरे पडले असावे असेंच वाटत होतें.

धोंडो केशव कर्वे हेही याच समजुतीचे होते. कोंकणांतील मुरूडचा हा मुलगा परीक्षेसाठीं सातारा गांठण्याकरितां शंभराहून अधिक मैल पायीं चालला होता आणि वय लहान दिसतें म्हणून परीक्षकांनीं त्यास परत पाठविलें होतें. पुढें एल्फिन्स्टन कॉलेजांतून १८८४ सालीं गणित घेऊन ते पदवीधर झाले. टिळक बाहेर पडल्यावर फर्ग्युसन कॉलेजांत रिकामी झालेली गणिताच्या प्राध्यापकाची जागा १८९१ सालीं गोखल्यांच्या बोलावण्यावरून त्यांनीं पतकरली. त्याच वर्षीं त्यांची प्रथम पत्नी राधाबाई वारली. पुन्हां लग्न करावयाचें तर विधवेशींच, असा निश्चय करून ११ मार्च १८९३ रोजीं त्यांनीं पंडिता रमाबाईंच्या शारदासदनांतील विद्यार्थिनी गोदूबाई हिच्याशीं विवाह केला. मुरूडकरांनीं बहिष्कार घातला. उत्तर स्वतःच्या आयुष्यावर लावून पाहणाऱ्या मनुष्यास त्याची किंमत पुस्तकांतून वाचावी लागत नाहीं.

यापुढची तीन वर्षें मला सर्वांत महत्त्वाचीं वाटतात, आणि त्यांचा इतिहास तीन नांवांत सांठविलेला आहे. १८९३ च्या अखेरीस कर्व्यांनीं मंडळी स्थापिली तिचें नांव ‘विधवाविवाहोत्तेजक मंडळी’. १८९५ सालीं तिचें नांव बदलून ‘विधवाविवाह-प्रतिबंध-निवारक मंडळी’ असें झालें. १८९६ सालीं त्यांनीं जी नवी संस्था काढली तिचें नांव ‘अनाथ बालिकाश्रम मंडळी’. हीं नांवें एकापुढें एक मांडून पाहावीं. पहिल्यांत प्रश्न असा आहे: लोकांना विधवाविवाह करण्यास प्रवृत्त कसें करावें? दुसऱ्यांत तो असा झाला: ज्यांना करावयाचा आहे त्यांच्या मार्गांतील अडथळे कसे काढावे? तिसऱ्यांत विवाह हा शब्दच उरला नाहीं. प्रश्न झाला: ही मुलगी, हिचें लग्न होवो वा न होवो, स्वतःच्या पायांवर उभी कशी राहील? गणिती ज्याप्रमाणें न सुटणारें समीकरण दुसऱ्या रूपांत लिहून पाहतो, तेंही न सुटल्यास अज्ञात राशीच बदलतो, त्याप्रमाणें येथें तीन वर्षांत प्रश्न दोनदां पुन्हां लिहिला गेला. कर्व्यांनीं ही उपमा स्वतः दिली होती असें मी म्हणत नाहीं. हा अर्थ माझा आहे. परंतु नांवें त्यांचीं आहेत, आणि त्यांचा क्रमही त्यांचाच आहे.

डुंकरच्या खोक्याची आठवण येथें व्हावी. तोंवर विधवेकडे सनातनी पाहत होते ती कोणाची तरी गतभर्तृका म्हणून, आणि सुधारक पाहत होते ती कोणाची तरी भावी वधू म्हणून. दोन्ही पक्षांचें भांडण कडाक्याचें होतें, पण पात्र एकच होतें; तें भरलेलें असावें कीं रिकामें, एवढाच वाद होता. ही स्त्री शिक्षिका, परिचारिका किंवा कुटुंबाचा आधार होऊं शकेल, ही दृष्टि पंडिता रमाबाईंना आली होती, आणि १८८९ सालीं काढलेलें शारदासदन हें तिचें मूर्त रूप होतें. कर्व्यांच्या घरींच त्या शाळेची विद्यार्थिनी होती. म्हणजे कल्पनेची सामग्री अगदीं शेजारीं होती. परंतु १८९३ सालीं धर्मांतराच्या प्रश्नावरून वादळ उठलें, रानडे व भांडारकर सल्लागार मंडळांतून बाहेर पडले, अनेक पालकांनीं मुली काढून नेल्या. तेव्हां नवा प्रश्न आणखी नेमका झाला: जें शारदासदनानें केलें तेंच, ज्यांच्या मुली आहेत त्या हिंदु कुटुंबांचा विश्वास न गमावतां कसें करतां येईल? दुसऱ्याच्या कामांत काय साधलें आणि काय अडलें, हें बारकाईनें पाहणें हीही कल्पकताच होय. आपण तिला अनुकरण म्हणून कमी लेखतों.

या नव्या मांडणीची किंमत मात्र जबर होती, आणि माझ्या लेखाच्या शीर्षकांतील ‘धैर्य’ हा शब्द तिच्यासाठीं आहे. कुटुंबांचा विश्वास मिळवावयाचा तर आश्रम हा पुनर्विवाहाचा अड्डा नव्हे, हें लोकांना पटलें पाहिजे होतें. आणि आश्रमाचा चालक तर स्वतः पुनर्विवाहित! म्हणून कर्व्यांनीं पुनर्विवाहाच्या चळवळींतील प्रत्यक्ष कार्यांतून अंग काढून घेतलें. ज्या उत्तरासाठीं गांव तुटलें, तेंच उत्तर त्यांनीं स्वतःच्या हातानें बाजूस ठेवलें. ज्यांनीं बहिष्कार घातला ते प्रसन्न झाले नाहींत, आणि ज्यांनीं पाठ थोपटली ते सुधारक रुष्ट झाले. चुकीचें उत्तर टाकणें सोपें असतें. ज्या उत्तरासाठीं आपण दुःख भोगलें तें टाकणें फार कठीण. पुष्कळ बुद्धिमान माणसें येथेंच अडतात. त्यांना नवें सुचत नाहीं असें नाहीं. सुचलेलें मान्य केलें तर मागचें भोगलेलें फुकट गेलें असें होईल, हें भय त्यांना सुचूं देत नाहीं.

पडताळ्याची अवस्था हिंगण्यास आली. आश्रम प्रथम पुण्यांत सुरू झाला; परंतु प्लेगच्या दिवसांत शहर धोक्याचें झालें. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनीं हिंगण्यास सहा एकर जमीन व साडेसातशें रुपये दिले, आणि १९०० सालीं माळावर झोंपडी उभी राहिली. कॉलेजांत गणित शिकवावयाचें आणि तें आटोपल्यावर चार मैल चालत हिंगण्यास जावयाचें, हा कर्व्यांचा नित्यक्रम झाला. धड रस्ता नव्हता. पावसाळ्यांत चिखल तुडवीत जावें लागे. आश्रमाला लागणारें सामान पुष्कळदां त्यांच्याच खांद्यावर असे. १९०२ सालीं गोदूबाईंची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले आश्रमांत आली, शिकली, आणि पुढें आश्रमासाठीं देशोदेशीं निधि गोळा करूं लागली. खोक्याची फळी झाली होती.

या रोजच्या चालण्याविषयीं एक सावधगिरी बाळगली पाहिजे. हेल्महोल्ट्झची टेकडी आणि प्वाँकारेची बसगाडी आठवून, हिंगण्याच्या पायवाटेवर कर्व्यांना अमुक कल्पना सुचली असें चित्र रंगविण्याचा मोह होतो. २०१४ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठांत झालेल्या प्रयोगांत चालतांना माणसांना अधिक व निरनिराळ्या कल्पना सुचतात असें दिसलें. मात्र एकच नेमकें उत्तर शोधण्याच्या कामीं तसा लाभ दिसला नाहीं. तरीही कर्व्यांच्या बाबतींत असा प्रसंग नोंदलेला नाहीं, आणि इतिहासलेखकानें तो निर्माण करूं नये. त्या वाटेनें कल्पना दिली कीं नाहीं हें सांगतां येत नाहीं. तिनें कल्पनेची परीक्षा रोज घेतली, एवढें निश्चित.

उजेडाचा नोंदलेला प्रसंग पुढें, १९१५ सालीं घडला, आणि तो किती साधा आहे हें पाहण्यासारखें आहे. एके दिवशीं टपालानें एक पुस्तिका आली. तींत तोकियो येथील स्त्रियांच्या विद्यापीठाची माहिती होती. तें विद्यापीठ नारुसे जिन्झो यांनीं १९०१ सालीं स्थापिलें होतें. पुस्तिका पाठविणारे होते काशीचे बाबू शिवप्रसाद गुप्त. कर्व्यांनीं ती वरवर चाळली आणि सवडीनें वाचूं म्हणून बाजूस ठेवून दिली. कांहीं काळानें मुंबईस भरणाऱ्या सामाजिक परिषदेचें अध्यक्षपद त्यांच्याकडे आलें. भाषणांत काय सांगावें याचा विचार चालला असतां ती पुस्तिका पुन्हां हातीं आली, आणि हिंदुस्थानांतील स्त्रियांसाठीं देशभाषांतून शिक्षण देणारें स्वतंत्र विद्यापीठ काढावें, ही योजना आकारास आली. डिसेंबर १९१५ मध्यें त्यांनीं ती परिषदेपुढें मांडली. १९१६ च्या जूनमध्यें विद्यापीठ सुरू झालें. भांडारकर कुलपति आणि रँग्लर परांजपे कुलगुरु. आरंभींच्या विद्यार्थिनी अवघ्या पांच.

तीच पुस्तिका देशांत आणखीही कोणाच्या हातीं पडली असेल. ती वाचून ‘जपानी लोक मोठे उद्योगी’ असें म्हणून खालीं ठेवणारे कमी नसतील. कर्व्यांच्या मनांत मात्र तोंवर पंधरा-वीस वर्षांची तयारी होती: आश्रम, १९०७ चें महिला विद्यालय, १९०८ चा निष्काम कर्म मठ, इंग्रजीच्या ओझ्याखालीं वांकलेल्या मुली, प्रवेशपरीक्षेच्या चौकटींत न बसणारे अभ्यासक्रम. पुस्तिकेनें कल्पना दिली नाहीं. विखुरलेल्या कल्पनांना एकत्र बांधणारा शब्द दिला, आणि तो शब्द ‘विद्यापीठ’ हा होता. मुरवणीची बरणी वीस वर्षें बांधलेली होती. टपालवाल्यानें तिचें झांकण उघडलें. आणि वयही लक्षांत घ्यावें: गृहस्थ सत्तावन्न वर्षांचे होते, कॉलेजांतून निवृत्त झालेले होते. नव्या कल्पना तारुण्यांतच सुचतात असें म्हणून हातपाय गाळून बसणाऱ्या माझ्या समवयस्कांनीं हें विशेष ध्यानीं धरावें.

इतकें लिहून मी थांबलों तर हा लेख स्तोत्र होईल, आणि स्तोत्रानें विचाराला मदत होत नाहीं. प्रत्येक नव्या मांडणींत कोणी ना कोणी बाहेर राहतें. पांढरपेशा हिंदु कुटुंबांचा विश्वास ही अट प्रश्नांत घातली, तेव्हां त्या कुटुंबांच्या भेदरेषाही उत्तरांत शिरल्या. हिंगण्याच्या आश्रमाचें दार आरंभीं उच्चवर्णीय स्त्रियांसाठींच उघडें होतें. जोतीरावांच्या घराचें दार ज्या प्रश्नानें उघडलें होतें, तो प्रश्न येथें मांडणींतूनच गळाला. विद्यापीठाच्या बाबतींतही तसेंच. आगरकर १८९५ सालीं वारले. स्त्रीपुरुषांना एकच शिक्षण, आणि तेंही एकत्र, द्यावें असा त्यांचा आग्रह होता. स्त्रियांसाठीं निराळें विद्यापीठ व निराळा अभ्यासक्रम यांमुळें हजारों मुलींना दार उघडलें हें खरें. त्या दाराच्या आंत स्त्रीचें कार्यक्षेत्र मुख्यतः घर, हें गृहीत मात्र बराच काळ तसेंच राहिलें हेंही खरें. ही टीका कर्व्यांना लहान करण्यासाठीं नाहीं. ज्या युक्तीनें प्रश्न सुटतो तीच युक्ति प्रश्नाचा एक भाग दृष्टीआड करते, हा मनोव्यापाराचा धर्म आहे. थोर मनुष्यही त्यांतून सुटत नाहीं.

थोरवी दिसते ती पुढच्या पावलांत. १९२० सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी यांच्या पंधरा लाखांच्या देणगीनें विद्यापीठास स्थैर्य आलें आणि त्यांच्या मातोश्रींचें नांव मिळालें. पुढें जगप्रवासांत तोकियोचें मूळ विद्यापीठही कर्व्यांनीं पाहिलें. एवढें झाल्यावर कोणीही आपलें उत्तर पूर्ण झालें असें मानलें असतें. पण १९३६ सालीं, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, त्यांनीं खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठीं मंडळ काढलें. आणि १९४४ सालीं, पंचाऐंशी वर्षें उलटल्यावर, जातिभेद दूर व्हावा म्हणून समता संघ स्थापन केला. पहिल्या मांडणींत जें गळालें होतें त्याकडे हा वृद्ध पुन्हां वळला होता, असें मला वाटतें. शेवटचा प्रश्न त्यांना सोडवितां आला नाहीं. तो अजून आपल्यापुढें आहे. पण त्यांनीं तो लिहून ठेवला.

यावरून तात्पर्य काय काढावें? पहिल्या समजुतीस उत्तर असें कीं, वीज पडते ती आकाश भरून आलें असेल तेव्हांच. कर्व्यांची पुस्तिका कोऱ्या मनावर पडली असती तर रद्दींत गेली असती. दुसऱ्या समजुतीस उत्तर असें कीं, पायऱ्या पाठ करून प्रश्न सुटतो तो पुस्तकांतला. जगांतला प्रश्न आधीं बदलावा लागतो, आणि तो कोणत्या क्षणीं बदलावा हें कोणतीही पायरी सांगत नाहीं. तें सांगतें अपयश, आणि अपयशाकडे न रागावतां पाहण्याची संवय. वर्गांत मी आजवर हजारों प्रश्न फळ्यावर लिहिले असतील. विद्यार्थ्यांनीं त्यांचीं उत्तरें दिलीं, मीं गुण दिले. ‘हा प्रश्नच चुकला आहे, तो असा विचारावयास हवा,’ असें उत्तर लिहिणाऱ्यास मी किती गुण दिले? प्रामाणिकपणें सांगावयाचें तर अशा एका मुलीस मीं एकदां शून्य दिलें होतें. तिनें दिलेल्या प्रश्नाचें उत्तर न देतां आपलाच प्रश्न लिहून त्याचें उत्तर दिलें होतें, आणि तें चांगलें होतें. नियमानें शून्यच होत होतें. पण ती उत्तरपत्रिका मी विसरलों नाहीं.

संध्याकाळीं फिरावयास जातांना कधीं कधीं मी त्या आवारावरून जातों. मुलींची गर्दी फाटकांतून बाहेर पडत असते. रिक्षा, दुचाक्या, मोठमोठ्यानें बोलणें, हंसणें. त्यांतील बहुतेकींना आंतली झोंपडी कोणत्या प्रश्नाचें उत्तर होती हें आठवण्याचें कारण उरलेलें नाहीं, आणि तो प्रश्न बऱ्याच अंशीं सुटल्याची हीच उत्तम खूण आहे. त्यांच्यापुढचे प्रश्न निराळे आहेत. तेही त्यांना तयार उत्तरांसह मिळालेले असतील. त्यांपैकीं एखादीनें तरी उत्तर लिहिण्यापूर्वीं प्रश्न एकदां खोडून पाहावा, आणि तिचा कागद तपासणाऱ्यानें तो दोनदां वाचावा.